मरहूम बहगतची पहिली मैफल

पोस्टरवर 'गाणी' हा शब्द घालायचा की नाही, यावरून बहगत आणि वजदी छापखान्यात सकाळपासून भांडत होते. छापखाना वजदीचा, मैफल बहगतची, आणि पोस्टर फुकटात होणार होतं, त्यामुळे दोघांनाही आपलंच खरं करायचा हक्क आहे असं वाटत होतं.

"गाण्यांचा कार्यक्रम आहे ना? मग 'गाणी' लिहायला तुझं काय जातं?"

"गाणी म्हटलं की लोक नाचायला येतात. माझी गाणी नाचायची नाहीत."

"ती बसून ऐकायचीही नाहीत रे. मी ऐकलीत."

शेवटी वजदीनं हात टेकले. पोस्टरवर बहगतचा एक काळापांढरा फोटो आला, ज्यात तो खाली मान घालून नदीकडे बघत होता. त्याखाली नाव, 'बहगत मितवल्ली'. त्याखाली मैफलीचं नाव, 'शेवटची बोट'. त्याखाली, 'गुरुवारी रात्री, इशाच्या नमाजानंतर, मासळीबाजारामागच्या मंडपात'. बस. बहगतच्या मते कलेनं याहून जास्त बडबड करू नये.

आता आमच्या दुमयातमध्ये गायक व्हायचं म्हणजे मुळातच उलटी गंगा. इथं प्रत्येक गल्लीत लाकूड घासलं जातं. अख्ख्या मिसरमधल्या नवऱ्या मुली आमच्याच पलंगांवर रुसतात आणि आमच्याच आरशांत बघून हसतात. बहगतचे वडील उस्ता मितवल्ली हे पॉलिशमधले नावाजलेले कारागीर. बहगतही दिवसभर त्यांच्याच हाताखाली पॉलिश मारायचा आणि संध्याकाळी आपल्या खोलीत ऊद हे तारांचं वाद्य घेऊन बसायचा. आईनं हौसेनं नाव ठेवलं बहगत, म्हणजे आनंद. ती बिचारी लवकर गेली, आणि पोराला जे सुचायचं ते सगळं अंधाराचं, ओल्या लाकडाचं, परत न आलेल्या माणसांचं. स्वतःच लिहायचा, स्वतःच चाल लावायचा, स्वतःच गायचा आणि बहुतेक वेळा स्वतःच ऐकायचा.

हे शेवटचं मी चेष्टेनं म्हणत नाही. त्याचं खरं दुःखच ते होतं. आजवर एकाही माणसानं त्याचं एकही गाणं शेवटपर्यंत ऐकलेलं नव्हतं. कॉफीहाउसात गायला बसला तर मालक मध्येच फुटबॉलची मॅच लावायचा. मावसभाऊ दुसऱ्या कडव्याला झोपायचा. वजदीसारखा जिवलग मित्रसुद्धा अर्ध्यात "वा, वा, झकास!" म्हणून उठायचा आणि चपला शोधायला लागायचा. वडिलांचा तर प्रश्नच नव्हता. मुलगा काय करतो असं कुणी विचारलं की उस्ता मितवल्ली म्हणायचे, "पॉलिश करतो," आणि विषय बदलायचे. बापलेकांत बोलणं व्हायचं ते फक्त स्पिरिट संपलंय की नाही, एवढ्यापुरतं.

अशात कैरोहून मादाम इग्लाल यांचा निरोप आला. कैरोत दर वसंतात नव्या गाण्यांचा महोत्सव भरतो, त्यात कुणी गायचं हे या बाई ठरवायच्या. बहगतनं त्यांना चार गाणी पाठवली होती. त्यांनी कळवलं, 'गाणी जरा लांबलेली वाटली. पण समोर बसून ऐकल्याशिवाय नाही म्हणणार नाही. गुरुवारी येते.' बहगतनं तो निरोप इतक्या वेळा वाचला की वजदीनं त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

तर पोस्टर. छापताना फोटोच्या डाव्या कोपऱ्यात एक पांढरा डाग उमटत होता. वजदीनं यंत्र पुसलं, शाई बदलली, दोन शिव्या घातल्या, डाग हटेना. मग त्यानं त्या कोपऱ्यावर एक तिरपी काळी पट्टी ओढली आणि डाग झाकून टाकला. दिसायला छान दिसली. एरवीही मयताच्या जाहिरातींचे फोटो त्याच्याकडेच छापले जायचे आणि त्या सगळ्यांच्या कोपऱ्यावर अशीच पट्टी असायची. हात सवयीनं तिकडे गेला असावा. नंतर तो शपथेवर सांगायचा की एक क्षणभरही त्याच्या मनात काही आलं नाही, आणि मला ते खरं वाटतं. ज्याच्या मनात पटकन काही येतं असा माणूसच तो नव्हे.

बहगतनं पोस्टर पाहिलंच नाही. मैफलीआधी काही दिवस कुणाशी चकार शब्द बोलायचा नाही, फोन बंद ठेवायचा, समुद्राकडे बघायचं, अशी त्याची साधना. ऊद घेऊन तो मंगळवारी सकाळी मिनीबसनं रास-अल-बरला निघून गेला. हिवाळ्यात तिथं चिटपाखरू नसतं. वजदीच्या सासऱ्यांची तिथं एक बंद पडलेली खोली होती.

इकडे दुपारपर्यंत पोस्टर गावभर लागलं. वजदीनं उत्साहानं त्याचा फोटो मादाम इग्लाल यांनाही पाठवून दिला.

पहिले आले ते तोहामी, समोरचे सरस आणि खिळ्यांचे व्यापारी. त्यांनी दुकानाचं दार अर्धं ओढलं, डोक्यावरची टोपी नीट केली आणि उस्ता मितवल्लींचे दोन्ही हात हातात घेतले.

"उस्ता, धीर धरा. त्याची चीज होती, त्यानं नेली."

"कोणती चीज?" उस्तांना वाटलं, आदल्या दिवशी तयार ठेवलेलं कपाट कुणी उचलून नेलं.

"बहगत हो. किती शांत पोरगा! कधी कुणाच्या अध्यातमध्यात नाही."

"बहगतला काय धाड भरलीय? सकाळी माझ्यादेखत मिनीबसमध्ये बसला."

तोहामींनी डोळे मिटले. "मिनीबस! म्हणजे अपघात झाला तर."

"अहो, कसला अपघात? तो रास-अल-बरला मासळी खात बसला असेल."

"असेल हो, असेल. तिथं त्याला याहून चांगली मिळत असेल," असं म्हणून तोहामींनी डोळ्याला रुमाल लावला.

उस्तांनी त्यांना जवळजवळ ढकलूनच बाहेर काढलं. पण तेवढ्यात सुतार आले, गिलेटवाले आले, कोपऱ्यावरचा बेकरीवाला पिठाच्या हातानंच आला. संध्याकाळपर्यंत शेजारणींनी घरी ताटं पाठवली. भात, बदक, भरलेलं कबुतर. दुखवट्याच्या घरात चूल पेटत नाही, एवढं कुणालाही कळतं. उस्ता दारात उभे राहून ओरडत होते, "अहो, परत न्या! कुणी मेलेलं नाही!" आणि बायका एकमेकींना हळूच सांगत होत्या, "बघवत नाही गं. एकुलता एक होता."

रात्री मात्र उस्तांना जेवण गेलं नाही. मिनीबसचा रस्ता कसा आहे हे त्यांना माहीत होतं. त्यांनी बहगतला फोन लावला. फोन बंद. पुन्हा लावला. बंद. बुधवारी दिवसभर ते लावत राहिले. वजदीला विचारावं, तर तो ऐन वेळी साखर शोधायला मन्सुराला गेलेला. त्या दिवसांत बाजारातून साखर गायब झाली होती आणि वजदीनं मैफलीला येणाऱ्यांना कॉफी द्यायचं ठरवलं होतं. मग गुरुवारी दुपारी उस्तांनी कारखान्याला कुलूप लावलं, जे त्यांनी बायको गेल्यानंतर कधी लावलं नव्हतं, आणि ते रास-अल-बरला गेले. खोलीला कुलूप होतं. बहगत केव्हाच मागच्या रस्त्यानं निघाला होता. आत कुणी गात नव्हतं. उस्ता त्या बंद दारापाशी बराच वेळ उभे राहिले, समुद्र करड्या रंगाचा झाला होता आणि वारा सुटला होता. परत येताना मिनीबसमध्ये ते फोन लावतच राहिले. आता लोक म्हणत होते ते त्यांनाही खरं वाटायला लागलं होतं.

मंडप बांधायचं काम फरगलीचं. फरगली लग्नाचे आणि दुखवट्याचे, दोन्ही मंडप बांधतो. कापड एकच, लाल-निळ्या नक्षीचं, फरक फक्त दिव्यांचा आणि खुर्च्यांचा. बहगतनं आधीच बजावून ठेवलं होतं, रंगीत दिवे नकोत, झिरमिळ्या नकोत, साधे पांढरे बल्ब हवेत. पोस्टर बघितल्यावर फरगलीला बाकीचं कुणी सांगायची गरज उरली नाही. त्यानं खुर्च्या भिंतींना लावून समोरासमोर मांडल्या, तोंडाशी घरच्यांसाठी गादीच्या खुर्च्या ठेवल्या, आणि 'टाळ्या वाजवू नयेत' ही बहगतनं लिहून दिलेली पाटी लावताना तो एवढंच म्हणाला, "हे काय सांगायला हवं?"

साखर मन्सुरातही मिळाली नाही. वजदीनं कॉफी बिनसाखरेचीच उकळायला सांगितली. आता बिनसाखरेची कॉफी आमच्याकडे माणूस एकाच ठिकाणी पितो, आणि तिथून तो डोळे पुसतच बाहेर पडतो. मंडपाच्या दारात ज्यांच्या मनात थोडीफार शंका होती, त्यांचीही पहिल्या घोटाला खात्री पटली.

वजदी धावतपळत मंडपात पोचला तेव्हा आत बसायला जागा नव्हती. एवढी माणसं बघून त्याला रडूच फुटलं. लोक म्हणाले, "जिवलग मित्र." त्यांनी त्याला पाणी दिलं आणि दोघांनी धरून एका खुर्चीत दाबून बसवलं. तो उठायला लागला की ते पुन्हा बसवायचे.

दारात पहिल्या खुर्चीवर उस्ता मितवल्ली. मंडपाशी आल्याबरोबर लोकांनी त्यांना तिथं आणून ठेवलं होतं आणि तेही बसले. येणारा प्रत्येक जण हात मिळवत होता आणि ते हात पुढे करत होते.

इशाचा नमाज झाला. मंडपाच्या मागच्या कनातीतून ऊद घेऊन, काळे कपडे घातलेला बहगत आत आला.

बहगतनं मान वर करून पाहिलं. अख्खं गाव. तोहामी, बेकरीवाला, गिलेटवाले, ज्यांनी त्याला कधी दोन मिनिटं दिली नव्हती ते सगळे, गुडघ्यांवर हात ठेवून, खाली माना घालून बसलेले. लोकांशी गाण्यांच्या मध्ये बोलायचं नाही हा त्याचा नियम, त्यामुळे तो काही न बोलता बसला आणि ऊद जुळवायला लागला.

"हा कोण रे?" बेकरीवाल्यानं तोहामींना विचारलं. "हुबेहूब तोच."

"भाऊ असणार. बाहेरून आला असेल. इटलीहून."

"पण उस्तांना तर एकुलता एक ना?"

"मग चुलतभाऊ. चेहरा बघ ना, रक्ताचंच नातं आहे."

"आणि मयताच्या मंडपात ऊद?"

"मरहूमची इच्छा असेल. गप बस. मेलेल्या माणसाच्या इच्छेवर बोलू नये."

दारात उस्ता मितवल्ली उभे राहिले होते. पोराच्या दोन थोबाडीत द्याव्यात की त्याला छातीशी धरावं, हे त्यांना कळेना, आणि दोन्हीसाठी मधली गर्दी ओलांडायला लागली असती. ते परत खाली बसले. तेवढ्यात एका पाहुण्यानं त्यांचा हात हातात घेतला.

"धीर धरा, उस्ता."

"तो काय तिथं बसलाय," उस्ता म्हणाले. "जिवंत आहे."

"हो, हो. चांगली माणसं मरत नाहीत."

पुढच्याला त्यांनी तेच सांगितलं, त्याच्या पुढच्याला तेच. प्रत्येकानं त्यांच्या खांद्यावर थोपटलं. मग त्यांनी सांगायचं सोडून दिलं. माणसं लांबून आली होती, चांगले कपडे घालून आली होती. उस्ता मितवल्ली हात मिळवत राहिले, आणि "तुमच्या येण्यानं बरं वाटलं" असं म्हणत राहिले.

आणि बहगत गात होता. पहिल्याच गाण्यात तोहामी हुंदके द्यायला लागले. दुसऱ्यात बेकरीवाला. ओल्या लाकडाच्या गाण्याला तर सुतारांच्या सगळ्या रांगेनं नाक पुसलं. कुणी उठलं नाही, कुणी फोन काढला नाही, कुणी चपला शोधल्या नाहीत. एकेक गाणं शेवटच्या स्वरापर्यंत गेलं आणि त्यानंतरही शांतता तशीच राहिली. बहगतला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपण जे लिहितो ते खरं आहे. मला त्या पोराची त्या वेळी फार दया आली. मीही तिथं होतो आणि मीही रडत होतो. आम्हाला वाटत होतं, हे सगळं आपण वेळेवर का नाही ऐकलं.

गाणी संपल्यावर माणसं रांगेनं येऊन बहगतशी हात मिळवून गेली. "फार मोठं मन होतं त्याचं," असं कुणीतरी म्हणालं. बहगतला ते आपल्या मैफलीबद्दलचं बोलणं वाटलं. तो म्हणाला, "आभारी आहे." शेवटी काळा रुमाल बांधलेल्या, उंच, वयस्क बाई पुढे आल्या.

"तुम्ही भाऊ का त्यांचे? मी इग्लाल. कैरोहून आलेय. फार वाईट झालं हो."

"काय वाईट झालं?" बहगतचा चेहरा पडला. "कोणतं गाणं?"

"बहगत गेले ते."

"मीच बहगत."

मादाम इग्लाल यांनी आधी त्याच्याकडे, मग रिकाम्या होत चाललेल्या मंडपाकडे पाहिलं. त्या मटकन खुर्चीत बसल्या. वजदीला एव्हाना सोडलं होतं. तो धावत आला, त्याच्या हातात पोस्टर होतं, आणि पोस्टर बघून बहगतही खुर्चीत बसला.

"काय करून बसलास रे तू?"

"डाग झाकला," वजदी म्हणाला. "तू सांग ना, इतका चांगला फोटो डागासकट लावायचा का?"

"थांबा," मादाम इग्लाल म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम कचेरीतला झाला. "हे गंभीर आहे. तुमचं पोस्टर मंगळवारी मिळालं. बुधवारी समितीची बैठक झाली. सगळ्यांनी तुमची गाणी पुन्हा ऐकली. पहिल्यांदा जी लांबलेली वाटली होती ना, तीच आता सगळ्यांना खोल वाटली. महोत्सवाची पहिली संध्याकाळ तुमच्या आठवणीत ठेवली आहे. 'अकाली मावळलेला आवाज'. कैरोतले मोठे गायक तुमची गाणी गाणार आहेत. फलक लागलेत."

"मग मीच गातो की!"

"तुम्ही कसे गाणार? तुमच्या आठवणीत आहे ना ती."

"पण मी आहे."

"ते आता दिसतंच आहे," बाई जरा नाराजीनं म्हणाल्या. "पण देणगीदारांना काय सांगू? त्यांनी मरहूमसाठी मदत केली आहे. जिवंत माणसाचं नाव सांगितलं असतं तर त्यांनी फोनही उचलला नसता. हे बघा, तुम्ही पुढच्या वर्षी नवीन गायक म्हणून या. मी स्वतः लक्ष घालीन. फक्त ही गाणी आणू नका, ही त्यांची म्हणून ओळखली जातील."

"कुणाची?"

"मरहूमची."

बहगत ऊदच्या तारा सैल करायला लागला. नाही म्हणावं तर गाणी परत त्याच्या खोलीत जाणार. हो म्हणावं तर ती हजार माणसं ऐकणार, शेवटपर्यंत ऐकणार, कारण मेलेल्या माणसाच्या गाण्यातून उठून जाणं बरं दिसत नाही. त्यानं मान डोलावली. बाईंना हायसं वाटलं. "घरच्यांसाठी पुढच्या रांगेत जागा ठेवते," त्या म्हणाल्या.

वसंतात बापलेक कैरोला गेले. उस्ता मितवल्लींना या असं कुणी म्हणालं नव्हतं. ते सकाळी नवा पायघोळ गलाबिया घालून दारात उभे होते, एवढंच. वाटेत दोघं बोलले ते स्पिरिट महागलंय यावर.

सभागृह भरलेलं होतं. बहगतचा मोठा फोटो मागे लावला होता आणि खाली फुलं होती. एकेक गायक आला. लोक स्तब्ध बसून ऐकत होते आणि प्रत्येक गाण्यानंतर छप्पर फाटेल अशा टाळ्या पडत होत्या. बहगत पुढच्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसला होता. त्याला टाळ्या वाजवाव्यात की नाही ते ठरवता येईना. आपल्याच आठवणीत आपण टाळ्या वाजवणं बरं दिसत नव्हतं, आणि न वाजवणं त्याहून वाईट दिसत होतं.

मग एका नामांकित गायकानं 'लाकूड' सुरू केलं. मंडपातलं ओल्या लाकडाचं गाणं ते हे नव्हे. एक म्हातारा कारागीर दिवसभर घासत असतो, कुणाशी बोलत नाही, बोलतो ते फक्त लाकडाशी, असं ते गाणं. बहगतनं चोरून वडिलांकडे पाहिलं. उस्ता समोर बघत होते. त्यांच्या पलीकडच्या बाई डोळे पुसत त्यांच्याकडे वळल्या.

"तुमचा मुलगा होता ना, काका? फार मोठा गायक होता."

"आहे," उस्ता म्हणाले.

"हो, हो. आमच्यासाठी तो आहेच."

"अहो बाई, हा काय इथं बसलाय. गायक आहे माझा मुलगा."

बाईंनी बहगतकडे पाहिलं, डोळ्यांनीच त्याला सांगितलं की म्हाताऱ्याला सांभाळा, आणि आपली पाण्याची बाटली उस्तांच्या हातात दिली. उस्तांनी ती घेतली. त्यांच्या कपाळावर आठी पडली होती.

गाणं संपलं, टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या आवाजात उस्ता मुलाच्या कानाशी वाकले.

"हा नीट नाही म्हणत."

"काय?"

"'लाकूड ऐकतं' म्हटल्यावर तू जरा थांबतोस. श्वास घेतोस आणि मग पुढं जातोस. हा थांबलाच नाही. सरळ पुढं गेला मेला."

बहगत त्यांच्याकडे बघत राहिला. हे गाणं त्यानं मंडपात म्हटलं नव्हतं. ते त्यानं कुणासमोरच कधी म्हटलं नव्हतं. कैरोला पाठवायला एकदा घरात रेकॉर्ड केलं होतं, आणि एरवी रात्री उशिरा दार लावून, हळू आवाजात म्हणायचा.

"बाबा, तुम्ही कधी ऐकलंत?"

"मधली भिंत एका विटेची आहे," उस्ता मितवल्ली म्हणाले. "मग झोप कुठून लागणार? तुझं संपेपर्यंत जागाच असतो." आणि त्यांनी बाटलीचं झाकण उघडून मुलापुढे पाणी धरलं.